जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवताय? नुसते सीसी बघू नका

मी शिक्रापूरचा. इथून नगरकडे निघालं की रांजणगाव एमआयडीसी लागते. तिथल्या फियाटच्या कारखान्यात १.३ मल्टीजेट डिझेल इंजिन बनायचं. टाटा आणि मारुतीनेही आपल्या गाड्यांत हेच इंजिन वापरलं. म्हणून "सगळी १२४८ सीसीच, कुठलंही बसेल" असं सर्रास ऐकू येतं. तिथेच फसायला होतं.

मारुतीचंच बघा. जुनी डिझेल स्विफ्ट आणि एर्टिगा, दोन्हींचा इंजिन नंबर 'डी१३ए'ने सुरू होतो. पण स्विफ्टचं इंजिन ७५ पीएसचं, टर्बो साधा. एर्टिगाचं ९० पीएसचं, टर्बो व्हीजीटी. व्हीजीटीतल्या पात्यांचा कोन ईसीयू सांभाळतो. साध्या टर्बोच्या ईसीयूला ते काम येत नाही.

पैसे देण्याआधी एवढं करा:

१. आरसीवरचा इंजिन नंबर काढा. समोरच्या इंजिनच्या ब्लॉकवरच्या नंबरचा फोटो घ्या. ते कोणत्या गाडीतून, कोणत्या वर्षीचं, हे विचारा.

२. टर्बो आणि इंजेक्टरवरचे पार्ट नंबर, वायरिंगचे सॉकेट, माउंटिंग जुन्या इंजिनशी ताडून बघा.

३. पक्कं बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रं घ्या. बदललेल्या इंजिनची नोंद आरटीओत करा. नाहीतर गाडी विकताना किंवा विम्याच्या क्लेमला अडचण येऊ शकते.