कानांतील कोठार

धारणीच्या बाजारांत कोणी ‘डा’ एवढाच उच्चार केला, तर आमचा मराठी कान थांबतो. डाळ, डाव, डाग यांपैकीं काय येणार याची तो वाट पाहतो. कोरकू कानास मात्र शब्द तेथेंच पुरा होतो. ‘डा’ म्हणजे पाणी. ध्वनि एकच, भेद आहे तो आंतील संचयाचा.

या संचयाचा माग १८७४ सालीं ब्रेस्लौ येथील कार्ल व्हेर्निके या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरानें काढला. त्याचे कांहीं रोगी ऐकत, बोलतही; पण ऐकलेलें त्यांस उमगत नसे. मेंदूच्या डाव्या कानशिलाकडील भागास इजा झाल्यानें शब्दांच्या ध्वनिप्रतिमाच लोपल्या, असें त्यानें मांडलें. हें कोठार एकाच जागीं नसून मेंदूंत दूरवर पसरलेलें आहे, असें आतां मानतात. १९७८ च्या सुमारास मार्स्लेन-विल्सन प्रभृति संशोधकांनीं दाखविलें कीं, पहिल्या ध्वनीबरोबर अनेक शब्द जागे होतात व पुढील ध्वनि त्यांतील नको ते गाळीत जातात.

कोरकू ही मुंडा कुळांतील भाषा. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीच्या १९०६ च्या खंडांत तिची नोंद झाली. पण तिचें खरें ग्रंथालय मेळघाटांतील माणसांच्या कानांतच आहे. शाळेंत पहिल्या दिवशीं मराठी ऐकून गप्प बसणाऱ्या कोरकू मुलास आम्ही शिक्षित लोक मंद म्हणतों, तेव्हां भरलेलें कोठार रिकामें समजत असतों. त्याच्याशीं प्रथम त्याच्याच शब्दांत बोलावें. आमचे शब्द त्यांच्याच शेजारीं जागा घेतील.