वजाबाकीतून उभे राहिलेले शास्त्र

इंग्लंडमधील ग्रिनिच वेधशाळेत १७९६ साली एका मदतनिसाची नोकरी गेली. त्याचे नाव डेव्हिड किनब्रुक. त्याचा दोष एवढाच, की ताऱ्यांच्या वेधांची वेळ तो आपल्या वरिष्ठांपेक्षा उशिराची नोंदवीत असे. ऑगस्ट १७९५ मध्ये हा फरक अर्ध्या सेकंदाचा होता. वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांनी त्याला समज दिली. तरीही जानेवारीपर्यंत फरक ०.८ सेकंदावर गेला आणि किनब्रुकला घरी जावे लागले.

सेकंदाच्या आतल्या फरकासाठी नोकरी जावी, हे आज आपल्याला विचित्र वाटेल. पण वेधशाळेचे घड्याळ ताऱ्यांवरून लावले जाई आणि अचूक वेळेवर रेखांशांचे गणित अवलंबून असे. पृथ्वीच्या परिवलनामुळे विषुववृत्तावरचे ठिकाण एका सेकंदात सुमारे ४६५ मीटर सरकते. म्हणजे ०.८ सेकंदाची चूक ही तेथे पावणेचारशे मीटरची चूक ठरते.

वेध कसा घेत, तेही पाहू. दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात एक बारीक उभी तार ताणलेली असे. निरीक्षक डोळा दुर्बिणीला लावी आणि कानाने घड्याळाचे सेकंदाचे ठोके मोजी. तारा तारेला ओलांडतो त्याच्या आधीच्या ठोक्याला तो कुठे होता आणि नंतरच्या ठोक्याला कुठे पोचला, हे लक्षात ठेवून सेकंदाचा दहावा भाग अंदाजाने काढायचा. डोळ्याने पाहायचे, कानाने मोजायचे आणि दोन्हींचा मेळ मनात घालायचा! किनब्रुकला चुकीची पद्धत अंगवळणी पडली असावी, असे मॅस्केलिन यांना वाटले. आपण स्वतः काही अंशी 'लवकर' नोंदवीत असू, ही शंका त्यांना आली नाही.

चूक नव्हे, फरक

ही शंका वीस वर्षांनंतर कोनिग्सबर्ग येथील खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांना आली. (हे जर्मन शहर आज रशियात असून त्याचे नाव कालिनिनग्राड आहे.) किनब्रुकची हकीकत वाचून बेसेल यांनी आपल्या वेधांची दुसऱ्या कसलेल्या निरीक्षकांच्या वेधांशी तुलना केली. १८२० साली एका सहकाऱ्याशी केलेल्या तुलनेत तब्बल एक सेकंदाचा फरक निघाला. दोघेही तज्ज्ञ, दोघेही काळजीपूर्वक काम करणारे. मग चूक कोणाची? बेसेल यांचे उत्तर असे, की प्रश्न चुकीचा नसून व्यक्तीव्यक्तींमधील फरकाचा आहे. तो मोजावा आणि हिशेबातून वजा करावा. या फरकाला पुढे 'वैयक्तिक समीकरण' असे नाव पडले.

बेसेल यांचा उद्देश ताऱ्यांची स्थाने नीट मिळवणे हा होता. माणसाच्या मनाचा अभ्यास त्यांना करायचा नव्हता. पण त्यांच्या वजाबाकीत मनाचे पहिले मोजमाप दडलेले होते. योगायोग असा, की असे मोजमाप शक्य नाही, हे मतही याच शहरातून मांडले गेले होते. तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८६ मध्ये लिहिले होते, की मनोव्यापारांना गणित लावता येत नाही, निरीक्षण करू जाताच ते बदलतात, आणि म्हणून मानसशास्त्र हे खऱ्या अर्थाने निसर्गविज्ञान होऊ शकणार नाही. हा आक्षेप वरवरचा नव्हता. त्याला उत्तर द्यायचे तर युक्तिवाद पुरेसा नव्हता, मोजण्याची रीत सापडायला हवी होती.

दोन बिंदू, दोन कामे

पुढचे पाऊलही कोनिग्सबर्गमध्येच पडले. मज्जातंतूंतून संदेश जाण्याचा वेग कधीच मोजता येणार नाही, असे त्या काळचे थोर शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर मानत. त्यांचेच शिष्य हर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये तो मोजून दाखवला. बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याला जोडलेला मज्जातंतू त्यांनी घेतला. तंतूला स्नायूजवळ विजेचा झटका दिला, नंतर दूरच्या बिंदूवर दिला, आणि स्नायू आकसायला दोन्ही वेळा किती वेळ लागला ते मोजले. दोन वेळांची वजाबाकी म्हणजे मधले अंतर कापायला लागलेला वेळ. वेग निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. आगगाडीच्या वेगाशी तुलना करता यावी इतका साधा!

संदेशाला वेळ लागतो, तर विचारालाही लागत असेल. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील फ्रान्सिस्कुस डाँडर्स यांनी हाच धागा पकडला. त्यांचा १८६८ सालचा निबंध प्रसिद्ध आहे. पायाला विजेचा सौम्य झटका बसताच त्याच बाजूचा हात हलवायचा, असा एक प्रयोग होता. कोणत्या पायाला झटका बसणार हे आधी सांगितले, तर प्रतिसाद लवकर येई. सांगितले नाही, तर सुमारे एक-पंधरांश सेकंद जास्त लागत. संदेशाची वाट तीच, स्नायूही तेच. मग हा जादा वेळ कशाचा? 'डावा की उजवा' हे ठरवण्याचा! निवडीची क्रिया प्रथमच घड्याळात पकडली गेली होती.

हेल्महोल्ट्झ यांचे हायडेलबर्ग येथील एकेकाळचे सहायक विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. मानसशास्त्राचा स्वतंत्र शास्त्र म्हणून आरंभ येथून धरण्याची प्रथा आहे. तेथील सुरुवातीच्या कामात प्रतिक्रिया-काल हा प्रमुख विषय होता. देशोदेशीचे विद्यार्थी तेथे शिकून गेले. वुंट यांचे शिष्य ह्यूगो म्युन्स्टरबर्ग अमेरिकेत हार्वर्डला गेले. त्यांच्याकडे शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग उभा राहिला.

मापाची मर्यादा

मोजमाप हाती आले की त्याचा मोह पडतो. वुंट यांचेच शिष्य जेम्स कॅटेल यांनी १८९० मध्ये 'मानसिक चाचण्या' सुचवल्या. त्यांत पकडीचा जोर, संवेदनांची तीक्ष्णता यांच्याबरोबर प्रतिक्रिया-कालही होता. अशा मापांतून माणसाची मानसिक क्षमता कळेल, अशी आशा होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात क्लार्क विस्लर या कॅटेल यांच्याच विद्यार्थ्याने १९०१ मध्ये ही आशा आकडेवारीवर तपासली. प्रतिक्रिया-काल आणि परीक्षेतील गुण यांचा सहसंबंध जवळजवळ शून्य निघाला. विस्लर यांचे विद्यार्थी आधीच निवडलेले होते. पुढच्या काळातील मोठ्या अभ्यासांत प्रतिक्रिया-काल आणि बुद्धिचाचण्या यांच्यात काही संबंध आढळला आहे. पण त्यावरून एखाद्या मुलाची बुद्धी ठरवता येईल, इतका तो पक्का नाही.

गुरूंच्या चाचण्या शिष्याने तपासाव्यात आणि निकाल विरुद्ध गेला तरी तो छापावा, हेही मानसशास्त्र विज्ञान झाल्याचेच लक्षण मानायला हवे.

वर्गात करून पाहा

हा प्रयोग तीस सेंटिमीटरच्या पट्टीने करता येतो. एकाने पट्टी उभी धरावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी अंगठा व तर्जनी उघडी ठेवावी. न सांगता पट्टी सोडावी आणि दुसऱ्याने ती पकडावी. १० सेंटिमीटरवर पकडली तर ०.१४ सेकंद, १५ वर ०.१७, २० वर ०.२० आणि २५ वर ०.२३ सेकंद लागले असे समजावे. (गुरुत्वाकर्षणाचे सूत्र शिकलेल्या विद्यार्थ्यांना हे आकडे स्वतः काढता येतील.) दहा वेळा करून सरासरी घ्यावी. मग दोन्ही हातांत एकेक पट्टी धरून कोणती सोडणार ते सांगू नये. पकडणाऱ्याने दोन्ही हात तयार ठेवावेत. एखादी पट्टी हातून निसटली, तर ती खेप पुन्हा करावी. या वेळेतून आधीची सरासरी वेळ वजा केली, की डाँडर्स यांचाच प्रयोग होतो.

मुलामुलांत फरक दिसेल. एकाच मुलाच्या दहा आकड्यांतही दिसेल. फळ्यावर आकडे मांडताना त्यांना पहिला-दुसरा असे क्रमांक मात्र देऊ नयेत. तोंडी प्रश्नाला हात उशिरा वर करणाऱ्या मुलाला आपण 'मंद' म्हणून टाकतो, तेव्हा आपण बेसेल यांच्या आधीच्या काळात उभे असतो. तो उशीर ऐकण्याचा आहे, निवडीचा आहे, भीतीचा आहे की विचाराचा, हे पाहण्यापासून मानसशास्त्राला सुरुवात होते.