डोळ्यांपुढचे काजवे

माझी पुतणी सातव्या महिन्यात माहेरी आली होती. दुपारी पानावर बसली, दोन घास घेतले आणि हात थांबवून म्हणाली, "काकू, सकाळपासून डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत गं." माझ्या सासूबाई म्हणाल्या, "उन्हातून आलीस ना, कोकम सरबत घे. पोटुशीला व्हायचंच असं." मलाही तसंच वाटलं. संध्याकाळी तिच्या चपला पायात जाईनात, डोकं ठणकायला लागलं, तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं. रक्तदाब १७०/११०, लघवीत प्रथिनं. त्या रात्री केसपेपरवर लिहिलेला शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला: प्रीएक्लॅम्पसिया. बाळ लवकर आलं, पण आता दोघंही छान आहेत. तो शब्द मात्र डोक्यातून गेला नाही. घरी येऊन कोश उघडला आणि अंगावर काटा आला. एक्लॅम्पसियाचा मूळ अर्थच मुळी 'चमकून उठणं'. दुपारी पानावर बसून पुतणीने रोगाचं ग्रीक नावच मराठीत सांगितलं होतं आणि आम्ही तिला सरबत दिलं होतं.

ग्रीकमध्ये 'एक' म्हणजे बाहेर आणि 'लाम्पेइन' म्हणजे चमकणं, झळकणं. आपल्या तोंडात रुळलेला 'लॅम्प' याच धातूचा. गरोदर बाईला अचानक येणाऱ्या झटक्यांसाठी हा शब्द पहिल्यांदा छापला गेला तो १६१९ मध्ये, माँपेलिएचे वैद्य झाँ व्हारांदा यांच्या स्त्रीरोगांवरच्या ग्रंथात. गरोदरपणात डोकं जड होऊन गुंगी आणि झटके आले तर लक्षण वाईट, हे हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी त्याच्या कितीतरी आधी नोंदवून ठेवलं होतं. चमक कशाची, यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, वीज पडावी तसा झटका अवचित येतो म्हणून हे नाव. दुसरं म्हणतं, झटक्याआधी बाईला डोळ्यांपुढे प्रकाशाचे ठिपके दिसतात म्हणून. पहिलं मत कोशकारांना जवळचं आहे, दुसरं रोग्याजवळ बसणाऱ्याला.

आपला 'काजवे चमकणे' हा वाक्प्रचार फार वापरून झिजला आहे. थोबाडीत बसली तरी काजवे चमकतात, दाराची चौकट डोक्याला लागली तरी आणि विजेचं बिल पाहिलं तरी. त्यामुळे कुणी खरोखर काजवे दिसतात असं सांगितलं, तरी आपण ती बोलण्याची रीतच समजतो. या आजारात ती रीत नसते. रक्तदाब चढला की मेंदूच्या मागच्या, दृष्टी सांभाळणाऱ्या भागावर सूज येऊ शकते, दृष्टिपटलाच्या बारीक रक्तवाहिन्या आकसू शकतात, आणि बाईला खरोखर ठिणग्या दिसतात.

पुढची पायरी म्हणजे आकडी. आकडणे, आखडणे यांतला ताठरपणा या शब्दात ऐकू येतो आणि गावाकडे तोच चालतो. परिभाषेने मात्र 'गर्भाक्षेपक' हा शब्द दिला. त्याची घडण अस्सल आहे: क्षिप् म्हणजे फेकणे, आक्षेपक म्हणजे हातपाय फेकले जाणारा वातविकार, आणि आयुर्वेदात ही संज्ञा जुनी आहे. सुश्रुताने याच जातीच्या अपतानकाबद्दल सांगितलं आहे की तो गर्भपातामुळे किंवा अति रक्तस्रावामुळे झाला तर बरा होत नाही. पण आजच्या मराठीत आक्षेप म्हणजे हरकत. 'पूर्वगर्भाक्षेपक' ऐकून कुठल्या बाईच्या मनात झटके येतील? हा शब्द कोशात शोभतो, ओपीडीत निरुपयोगी आहे. तिथे सगळे 'बीपी वाढलंय' म्हणतात आणि ते मला अधिक प्रामाणिक वाटतं.

नावातल्या 'प्री'ने तर आणखी घोटाळा केला आहे. पूर्व म्हटलं की वाटतं, खरा आजार पुढे आहे, ही नुसती चाहूल. तसं नाही. झटका कधीही न येता हा आजार मूत्रपिंड, यकृत, मेंदू आणि पोटातल्या बाळाला इजा करतो.

नावं देणाऱ्यांचा दोष नाही, ज्याला जे दिसलं त्याने ते नाव दिलं. १८४३ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये जॉन लीव्हर यांनी झटके आलेल्या बायकांची लघवी तापवून पाहिली आणि ती अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी धरली. लघवीतल्या या प्रथिनाच्या, अल्ब्युमिनच्या, नावात लॅटिनचा 'आल्बुस', म्हणजे पांढरा, आहे. बाळंतपणानंतर तो पांढरेपणा ओसरत जातो हेही त्यांनी पाहिलं, म्हणजे हे मूत्रपिंडाचं जुनं दुखणं नव्हे. रक्तदाब मोजायला दंडावर पट्टा बांधायची सोय रीवा-रोची यांनी केली ती १८९६ मध्ये. तोवर या आजाराचा सगळ्यात ठळक आकडा कुणी पाहिलेलाच नव्हता.

मग नाव आलं टॉक्सिमिया. 'टॉक्सोन' म्हणजे धनुष्य. धनुष्याच्या बाणाला लावायचं ते 'टॉक्सिकोन', बाणाचं विष. गरोदर बाईच्या रक्तात असलंच काही विष भिनतं असं समजून पिढ्यान् पिढ्या ते शोधलं गेलं. जर्मन प्रसूतितज्ज्ञ पाउल त्स्वाइफेल यांनी याला सिद्धान्तांचा आजार म्हटलं. त्यांच्या आडनावाचा जर्मन अर्थ 'शंका' असा आहे. शिकागोच्या लाइंग-इन हॉस्पिटलमध्ये प्रसूतिशास्त्रातल्या थोरांच्या नावांच्या रांगेत एक जागा या आजाराचं कारण शोधणाऱ्यासाठी कोरी ठेवली होती, असं सांगतात. टॉक्सिमिया हे नाव पुढे मागे पडलं. माझ्या मते मात्र ते सगळ्यात जवळ पोचलं होतं. २००३ मध्ये बॉस्टनच्या अनंत करुमंची आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वारेतून एक प्रथिन आईच्या रक्तात जास्त प्रमाणात उतरतं आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर जपणारे घटक अडवून धरतं. बाण बाहेरून आलेला नव्हता, एवढंच.

वार! किती लहान शब्द. गाय व्याली की घरची माणसं वार पडेपर्यंत गोठ्यात बसून राहतात, मग ती गोणपाटात बांधून वडाच्या फांदीला टांगतात. माणसाच्या वारेला इंग्रजीने घेतलेला 'प्लासेंटा' हा लॅटिनमध्ये चपट्या केकचा शब्द. इटलीच्या रेआल्दो कोलोंबो यांनी तो १५५९ मध्ये शरीरशास्त्रात आणला. जर्मन लोक तर तिला सरळ 'आईचा केक' म्हणतात. आजाराचं मूळ या वारेत आहे. निरोगी गरोदरपणात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या नागमोडी रक्तवाहिन्यांत शिरून त्या रुंद करतात. या आजारात त्या अरुंदच राहतात. वारेला रक्त अपुरं पडतं, मग ती ते प्रथिन सोडते, आईच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं, आणि दुखावलेल्या अस्तरावर प्लेटलेट चिकटून बारीक बारीक गुठळ्या धरायला लागतात.

आता गुठळीकडे येते. इथे मराठी श्रीमंत आहे. तूप थिजतं, दही लागतं, पिठलं आळतं, पाणी गोठतं आणि रक्त साकळतं. बोट दारात सापडलं की नखाखाली काळंनिळं होतं, ते साकळणं. परिभाषेने त्याला 'क्लथन' म्हटलं. घरोघर साकळणे असताना त्याची गरज मला कधी कळली नाही. गुठळी मात्र सरळ स्वयंपाकघरातून आली. बेसन न ढवळता पाण्यात टाकलं की होते ती. ग्रीक 'थ्रॉम्बोस'ही तसाच, रक्ताच्या गुठळीला आणि घट्ट धरलेल्या दुधाच्या गोळ्यालाही चालणारा. दोन्हीकडच्या लोकांना रक्त पाहताना चुलीवरचं भांडंच आठवलं.

गरोदर बाईचं रक्त एरवीपेक्षा लवकर साकळतं, आणि ते तसंच असावं लागतं. वार सुटते तिथे गर्भाशयात मोठी जखम उघडी पडते. तिथे रक्त धरलं नाही तर बाई दगावते. पण हीच तयारी पायाच्या शिरेत गुठळी करू शकते. एकाच पायाची पोटरी दुखते, सुजते, आणि गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव घाबरा होतो.

वारेत गुठळ्या दिसतात, म्हणून संशोधकांना साहजिकच रक्त पातळ ठेवणारं हेपारिन आठवलं. १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन हा विद्यार्थी कुत्र्याच्या यकृतापासून काढलेल्या द्रव्यावर काम करत होता. पुढे त्याचे गुरू हॉवेल यांनी ग्रीक 'हेपार', म्हणजे यकृत, यावरून हे नाव ठेवलं. 'हेपार' आणि आपलं 'यकृत' हे एकाच आद्य शब्दाचे वंशज आहेत, कानाला पटो न पटो. पण नातं कितीही जवळचं असलं तरी औषधाने इथे साथ दिली नाही. रक्त साकळण्याची प्रवृत्ती असलेल्या गरोदर स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला: हेपारिनच्या जातीच्या इंजेक्शनने या स्त्रियांचा धोका कमी झाला नाही.

साथ दिली ती ॲस्पिरिनने. तिच्या जुन्या सॅलिसिलिक आम्लातलं 'सॅलिक्स' म्हणजे नदीकाठच्या आपल्या वाळुंजाचं कुळ. २०१७ च्या मोठ्या चाचणीत धोका जास्त असलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली, तेव्हा ३७ आठवड्यांच्या आत होणारा हा आजार ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. ही गोळी कुणाला द्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायचं, घरी ठरवायचं नाही. झटके रोखायला मॅग्नेशियम सल्फेट आहे. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. आपल्या परिचारिका त्याला 'मॅगसल्फ' म्हणतात.

एक शब्द मात्र मला भीतीदायक वाटतो. बाळंत झालेल्या बाईबद्दल आपण किती मायेने म्हणतो, "मोकळी झाली." कधी "सुटली" म्हणतो. वार पडली की आजाराचं मूळ गेलं, हे खरं. पण रक्तदाब लगेच उतरत नाही. झटका बाळंतपणानंतरही येतो, आणि गुठळीचा धोका तर पहिल्या सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. त्या सहा आठवड्यांत बाळाचं वजन, बाळाची शी-शू सगळं विचारलं जातं. ओल्या बाळंतिणीचा रक्तदाब कुणी विचारत नाही, कारण ती मोकळी झालेली असते.

आमच्या भागातल्या आशाताई हल्ली गरोदर बाईला तीनच गोष्टी विचारतात: डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे काजवे येतात का, बरगडीखाली उजवीकडे दुखतं का. ग्रीक नाही, संस्कृत नाही, पण शब्द नेमका जागेवर लागतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. रक्तदाब आणि लघवी दोन्ही पाहतात. तुमच्या घरात कुणी पोटुशी असेल किंवा नुकती बाळंत झाली असेल आणि काजवे चमकताहेत म्हणाली, तर ९ तारखेची वाट पाहू नका. तिला लगेच रक्तदाब मोजायला न्या. वीस आठवड्यांनंतर १४०/९० किंवा त्याहून वर आकडा आला, तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय तिला घरी आणू नका.