पायांना कळले, नावे राहिली

मुंबईच्या जॅझची गोष्ट बहुधा ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूमपासून सुरू होते. 1935 मध्ये लिऑन ॲबी अमेरिकी कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन तिथे आला. मागोमाग कॉर्नेटवाला क्रिकेट स्मिथ आणि पियानोवाला टेडी वेदरफर्ड आले, आणि 1939 पासून 1960 पर्यंत मिकी कोरियाचा बँड ताजमध्ये वाजत राहिला. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकाने हा काळ नीट नोंदवून ठेवला आहे. या गोष्टीतला श्रोता म्हणजे संस्थानिक, शेठ आणि गोरे अंमलदार. मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला तिच्यात जागा नाही, आणि त्यालाही कधी तसे वाटले नाही. तरीही माझे म्हणणे असे की बिग बँड जॅझचा मराठी मुलखातला खरा मोठा चाहता ताजमध्ये नव्हता. तो लालबाग-परळच्या खोल्यांतून राहत होता, गणपतीला आणि शिमग्याला गावी जात होता, आणि आपण जॅझचे चाहते आहोत हे त्याला कोणी सांगितलेच नाही.

आधी एक साधा प्रश्न. मुंबईचे बँड गोव्याच्या वादकांनी भरले, मग लगतच्या सिंधुदुर्गाचे वादक त्यांत का नव्हते? उत्तर म्हणून तेरेखोल नदीकडे बोट दाखवतात: अलीकडे आपण, पलीकडे पोर्तुगीज. पण ही रेघ चुकीच्या नदीवर ओढलेली आहे. तेरेखोलपलीकडचे पेडणे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकरांचेच होते आणि तिथे आजही दशावतार तितक्याच हौसेने होतो. खरी हद्द त्याच्या दक्षिणेला, दोडामार्गातून वाहत येणारी तिलारी गोव्यात शिरून शापोरा होते तिथे. त्या पलीकडचा बार्देश सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांकडे. तिथे चर्चच्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, पोरांना सोल्फा, म्हणजे सारेगम, घोकायला लावी, व्हायोलिन हातात देई आणि कागदावरची स्वरलिपी डोळ्यांनी वाचायला शिकवी. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शाव्हियेर वाझ, याच बार्देशातल्या हळदोण्याचा. व्हायोलिनवाले अँथनी गोन्साल्विस तितक्याच जुन्या पोर्तुगीज सासष्टीतल्या माजोर्ड्याचे. (पेडण्यासारखेच उशिरा पोर्तुगिजांकडे गेलेल्या कुडचड्याचे वादक फ्रँक फर्नांड हा ठळक अपवाद. इतिहासाची रेघ कधीच सरळ नसते.) शापोऱ्याच्या अलीकडे संगीत होते ते पेटी, पखवाज आणि झांजेचे, कानावरून उचललेले आणि रात्रभर चालणारे. बिग बँडला दहा-पंधरा माणसे एकाच कागदावर एकाच श्वासात वाजवणारी लागतात. तेव्हा फरक अंगच्या कलेचा नव्हता, वाचता येण्याचा होता.

मुंबईत मात्र ही दोन्ही माणसे सारख्याच रीतीने राहत होती. मुंबईहून निघालेली आगबोट मालवण, वेंगुर्ले करत पणजीला जाई. गोवेकर धोबीतलावला गावाच्या नावाने चालणाऱ्या कुडीत ट्रंक टाकी आणि आपला चाकरमानी गिरणगावात गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत वळकटी. त्यांची गाठ घालून दिली ती दारूबंदीने. 1949 च्या कायद्यानंतर हॉटेलांच्या नाचगाण्याची रया गेली, बँडवाल्यांची रोजी आटली आणि ते सिनेमाच्या रेकॉर्डिंगकडे वळले. तिथे त्यांची वाट पाहत होते सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. 1947 च्या ‘शहनाई’पासूनच त्यांना हा पाश्चात्त्य ठेका खुणावत होता. 1951 मध्ये ‘अलबेला’ आला. संगीत चितळकरांचे, त्यांच्या हाताखाली चिक चॉकलेट, आणि नायक-दिग्दर्शक भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. त्यांचा जन्म 1913 चा, अमरावतीचा सांगतात. पण पालव हे आडनाव ऐकून कणकवली-मालवणात कोणी दचकणार नाही. पुढे 1957 च्या ‘आशा’साठी चितळकरांनी निरर्थक शब्दांचे जे गाणे केले, त्यातले दोन शब्द निरर्थक नाहीतच. ते सरळ कोकणीतले आहेत आणि मालवणी माणसाला त्यांचा अर्थ विचारावा लागत नाही.

यावर जॅझचे दर्दी हरकत घेतील: हे सिनेमाचे गाणे, यात जॅझ कुठे? उत्स्फूर्त वादन कुठे? हरकत वजनदार आहे, पण ती बिग बँडला लावता येत नाही. बिग बँड हा जॅझचा लिहून काढलेला प्रकार. मागे ट्रम्पेट, मधे ट्रॉम्बोन, पुढे चार-पाच सॅक्सोफोन. सॅक्सोफोनांनी एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा घोळवायचा आणि ट्रम्पेटांनी वरून त्याला उत्तर द्यायचे. एकट्याला मोकळे सोडायचे ते ठरलेल्या मात्रांपुरतेच. ड्यूक एलिंग्टनचे ट्रम्पेटवाले भोंग्याच्या तोंडाशी रबरी वाटी धरून माणसासारखा कण्हता-गुरगुरता आवाज काढत; ती वाटी म्हणजे मोरी तुंबल्यावर वापरतात तीच. पण असा आवाज कुठल्या जागी काढायचा हे आधीच बांधलेले असे. शिवाय हे संगीत नाचासाठीच होते. हार्लेमच्या सव्हॉय बॉलरूममध्ये बँडचा निकाल नाचणारे लावत. म्हणजे अंगाने दाद देणे हा या संगीताचा मूळ रिवाज आहे, गिरणगावाने लावलेला खोटा जोड नव्हे.

दुसरी हरकत अधिक बोचरी: नाचणारे चालीवर आणि भगवानच्या अदेवर खूश होते, बँड कोण ऐकत होते? याचे उत्तर मिरवणुकीत मिळते. भगवानदादांची ती खांदे सैल सोडून, हात किंचित उचलून, जागच्या जागी डुलायची लकब विसर्जनाच्या गर्दीत अजून जिवंत आहे. ज्याला नाच येत नाही त्यालाही ती येते. आणि लग्नातला किंवा मिरवणुकीतला ब्रास बँड ‘अलबेला’तले ‘शोला जो भडके’ उचलतो तेव्हा तिथे गायक नसतो, शब्द नसतात. उरतात ती वाद्ये आणि गाण्याआधीचा, ओळींमधला तो वाजवलेला तुकडा, ज्याला आपण ‘म्युझिक पीस’ म्हणतो. लोक गाणे ओळखतात ते त्या तुकड्यावरून. पाय उचलतात ते मुखडा येण्याआधी. तो तुकडा बांधण्याचे कसब बँडवाल्यांचे होते. केवळ चाल आवडली असती तर पेटीवरही भागले असते.

मात्र चाहता म्हणवून घ्यायला नुसते पाय पुरत नाहीत, नाव ठाऊक असावे लागते. अमेरिकेत ‘डाउन बीट’ हे मासिक 1936 पासून वाचकांची मते मागवून कोणत्या वाद्यावर कोण सरस हे छापत असे. एलिंग्टनने तर 1940 मध्ये कूटी विल्यम्स या आपल्या ट्रम्पेटवाल्याच्या नावानेच एक रचना केली. आपल्याकडे 1949 च्या ‘महल’मधल्या लताबाईंच्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून पात्राचे नाव छापले होते, ‘कामिनी’. जिथे लताबाईंची ही गत, तिथे तिसऱ्या ट्रम्पेटवाल्याची काय कथा! हा दोष ऐकणाऱ्याच्या अरसिकपणाचा नाही, कारण हाच श्रोता जत्रेत वेगळा वागतो. दशावतारात संहिता नसते, कथा ठरते आणि संवाद रंगमंचावरच सुचतात. पण नाटक मोचेमाडकरांचे की पारसेकरांचे, आज राजा कोण, स्त्रीपार्ट कोणाचा, पखवाजावर कोण बसलाय हे आल्याबरोबर विचारले जाते. कालच्यापेक्षा आज लढाई कशी रंगली यावर सकाळी चहाच्या टपरीवर वाद होतो. कलावंत नावानिशी पारखायची ही सवय घेऊनच चाकरमानी मुंबईला गेला होता. तिथे बाजाराने त्याच्या हाती नावे दिली नाहीत, एवढेच.

जी नावे आली ती उशिरा आणि वेड्यावाकड्या वाटेने. अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवले, 1958 मध्ये भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणारी मंडळी उभी केली. पण ते नाव घराघरांत गेले ते 1977 मध्ये, प्यारेलालनी ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात गुरूचे नाव घातले म्हणून, आणि तेही ईस्टरच्या मोठ्या अंड्यातून बाहेर येणाऱ्या पात्राचे नाव म्हणून. हा माणूस खरा आहे हे फार थोड्यांना कळले. चिक चॉकलेटच्या वाट्याला तेवढेही आले नाही. तो 1967 मध्येच वारला होता. ‘अलबेला’त मात्र तो आपल्या वादकांसह पडद्यावर दिसतो. गिरणगावातल्या ज्या हजारोंनी तो सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिला, त्यांनी तो चेहरा पाहिलेला आहे. गावी गेल्यावर सांगायला त्यांच्याकडे भगवानचे नाव होते, गीता बालीचे होते. त्या ट्रम्पेटवाल्याला ते फार तर ‘तो बाजेवाला’ म्हणाले असतील.