बरसाती

आषाढात काटेरी तारेने घोड्याच्या नळीवर साधा ओरखडा उठायचा आणि कार्तिकापर्यंत भरायचा नाही. आमच्या समुद्रपूर भागात हिंगणघाट, गिरडच्या वाटेवर टांगे होते, तोवर टांगेवाल्यांना बरसाती नावाच्या या दुखण्याची धास्ती असे. जखमेवर लालभडक मांस चढे, त्यात कणीसारखे पिवळे खडे सापडत आणि खाजेने बेजार झालेला घोडा स्वतःचाच पाय दातांनी फोडी. इंग्रजी फौजेतल्या पशुवैद्यांच्या पुस्तकांतही हेच नाव गेलं.

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात व्रणोपचारक होतो. जुन्या टांगेवाल्यांकडून ऐकलेले उपचार असे: जाणता माणूस चढलेलं मांस वस्तऱ्याने छाटी, मोरचूद भरी आणि तरीही हटलं नाही तर लाल सळईने डाग देई. दसऱ्यानंतर थंडी पडली की जखम आपसूक सुके. श्रेय मात्र शेवटच्या डागाला. पुढच्या पावसात तीच जागा पुन्हा फुटे. त्या मुक्या जनावरांनी सोसलेल्या डागांचा मला आजही संताप येतो.

खरं कारण माशी. घोड्याच्या पोटातल्या जंताची पिल्लं लिदीतून बाहेर पडतात, लिदीत वाढणाऱ्या माशीच्या अळीत शिरतात. पुढे ती माशी ओल्या जखमेवर बसली की तिथे उतरतात. तिथे त्यांची वाढ होत नाही, नुसती वळवळतात आणि घाव चिघळवतात. घरमाशी हा जंत पसरवते हे अमेरिकेतल्या रॅन्सम यांनी 1913 मध्ये मांडलं. त्याच्या कितीतरी आधीपासून टांगेवाल्यांच्या घरच्या बाया जखमेभोवती डिकेमाली लावत, सांजेला कडूनिंबाच्या पाल्याचा धूर करत, लीद रोज दूर टाकत. खरी शुश्रूषा तीच होती; नाव मात्र डाग देणाऱ्याचं झालं.

जंत नसला तरी गुडघ्याखालची जखम चिवटच. तिथे मांसल भाग नाही, कातडी हाडाला आणि शिरांना ताणून बसलेली, पाय सतत हलता. त्यामुळे जखमेच्या कडा आत ओढल्या जात नाहीत आणि मधलं मांस वर फुगतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातून 1999 मध्ये आलेल्या अभ्यासात मोठ्या घोड्यांपेक्षा तट्टांच्या जखमा लवकर भरल्या. आपल्याकडच्या टांग्यांना बहुतेक तट्टंच असत, हे त्यांचं नशीब.

1981 मध्ये आयव्हरमेक्टिन हे जंतावरचं औषध बाजारात आलं आणि बरसातीचा जोर मोडला. आता तालुक्यात वरातीच्या घोड्या तेवढ्या दिसतात. त्यांच्या मालकांना मी औषधाआधी दोनच गोष्टी सांगतो: पट्टी कोरडी ठेवा, लीद गोठ्याजवळ साठवू नका.