शर्यतीच्या गाडीला ब्रेक पॅड निवडताना

प्रतिनिधी

रेस ट्रॅकवर प्रथमच उतरलेल्या हौशी चालकाला पहिला धडा बहुधा ब्रेकच शिकवतात. पहिल्या दोन-तीन फेऱ्या झकास जातात. गाडी हाती आली असे वाटू लागते. चौथ्या-पाचव्या फेरीत सरळ पट्टा संपत असताना पाय ब्रेकवर जातो, पेडल नेहमीइतकेच कडक लागते, पण वेग मात्र उतरत नाही. वळण अंगावर येते आणि गाडी ट्रॅक सोडून मातीत शिरते. गाडी बाहेर काढल्यावर मेकॅनिक ब्रेक तपासतो, तर ते व्यवस्थित लागतात! तोवर ते थंड झालेले असतात, इतकेच.

आपल्याकडे गाडी ट्रॅकसाठी तयार करताना आधी इंजिन, सायलेन्सर आणि चाके यांवर खर्च होतो. ब्रेकची आठवण शेवटी येते. मग 'सगळ्यात चांगले पॅड द्या' असे दुकानदाराला सांगितले जाते. वास्तविक सर्व परिस्थितींत सर्वांत चांगला असा ब्रेक पॅड अस्तित्वात नाही. सहाशे अंशांवर उत्तम काम करणारा पॅड सकाळच्या गारव्यात सोसायटीच्या फाटकाशी कुचकामी ठरू शकतो. म्हणूनच पॅडची निवड म्हणजे मुख्यतः तापमानाची निवड होय.

उष्णतेचे गणित

ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करतात म्हणजे तिच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतात. चालकासह १,१०० किलो वजनाची एखादी हॅचबॅक ताशी १५० किलोमीटरवरून ७० किलोमीटरवर आणायची असेल, तर सुमारे ७५० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकना पचवावी लागते. खोलीच्या तापमानाचे सव्वादोन लिटरहून अधिक पाणी उकळीला आणण्याइतकी ही उष्णता आहे आणि ती निर्माण होते जेमतेम तीन सेकंदांत. तीच गाडी शहरात ताशी ४० किलोमीटरवरून सिग्नलला थांबवली, तर केवळ ६८ किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडते. म्हणजे ट्रॅकवरील एक ब्रेक शहरातील अकरा सिग्नलांना भारी पडतो आणि असे ब्रेक प्रत्येक फेरीत अनेकदा लावावे लागतात. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे सरकतो. त्यामुळे या उष्णतेतील मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कच्या वाट्याला येतो.

पेडल काय सांगते?

तापलेले ब्रेक दोन प्रकारे दगा देतात आणि त्यांतील फरक पायाला कळतो. पहिल्या प्रकारात पेडल कडक राहते, पण गाडी थांबत नाही. पॅडमधील घटक एकत्र बांधून ठेवणारे राळेसारखे द्रव्य अतिउष्णतेने विघटित होते, त्यातून वायू सुटतात आणि पॅड-डिस्कमधील घर्षण घटते. याला 'फेड' म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पेडल मऊ पडते आणि खाली जाते. येथे ब्रेक ऑइल उकळलेले असते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पायाचा जोर वाफेचे बुडबुडे दाबण्यातच वाया जातो.

हा फरक ओळखणे महत्त्वाचे, कारण दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत. पहिल्या दुखण्यावर अधिक तापमान सोसणारा पॅड हा इलाज आहे. दुसऱ्या दुखण्यात नुसते महागडे पॅड घालून भागत नाही, आधी ब्रेक ऑइल बदलावे लागते.

पॅड कशाचे असतात?

पोलादी पट्टीवर घट्ट बसवलेले घर्षणद्रव्य म्हणजे ब्रेक पॅड. तंतू, घर्षण वाढवणारे पदार्थ, वंगणासारखे काम करणारे ग्रॅफाइट आणि हे सारे बांधून ठेवणारे द्रव्य असे त्याचे मिश्रण असते. ऑरगॅनिक पॅड मऊ असतात. ते आवाज करत नाहीत, डिस्क झिजवत नाहीत आणि थंड असतानाही चांगले धरतात, पण उष्णतेपुढे लवकर हार मानतात. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये पोलादाचे तंतू व धातूची भुकटी असते. ते अधिक तापमान सोसतात, मात्र आवाज, काळी धूळ आणि डिस्कची झीज वाढते. रस्त्यावरील गाड्यांसाठी विकले जाणारे सिरॅमिक पॅड शांत आणि स्वच्छ असतात. 'सिरॅमिक' या शब्दाने भुलून ते शर्यतीचे पॅड समजले जातात, तसे ते सहसा नसतात. फॉर्म्युला वनमध्ये पॅड आणि डिस्क दोन्ही कार्बनचे असतात. त्या तंत्राचा बिडाच्या डिस्क असलेल्या आपल्या गाड्यांशी काही संबंध नाही.

तापमानाचा पट्टा

ढोबळमानाने पॅडचे तीन गट करता येतील. रोजच्या वापराचे पॅड अगदी थंड असल्यापासून साधारण ३५० अंश सेल्सिअसपर्यंत भरवशाचे असतात. दुसरा गट वेगवान रस्ता आणि अधूनमधून ट्रॅक अशा दुहेरी वापराचा. हे पॅड थंड असताना ठीकठाक धरतात आणि ५०० अंशांच्या आसपास टिकून राहतात. तिसरा गट केवळ शर्यतीचा. तो ६००-७०० अंशही सोसतो, पण अनेकदा दीडशे-दोनशे अंशांखाली त्याची पकड समाधानकारक नसते. नेमके आकडे पॅडगणिक बदलतात. फेरोडो, ईबीसी, हॉक, पॅजिड यांसारख्या कंपन्या आपल्या स्पर्धा-पॅडची तापमानविषयक माहिती देतात. खरेदीपूर्वी ती पाहावी.

घर्षणांक आणि तापमान यांचा आलेख मिळाला, तर त्यातील सर्वोच्च बिंदूपेक्षा रेषेचा सपाटपणा पाहावा. तापमान बदलले तरी ज्याचे घर्षण फारसे बदलत नाही, तो पॅड हौशी चालकाला अधिक सोयीचा. प्रत्येक वळणावर तोच जोर दिला की तोच परिणाम मिळतो आणि चालक शिकू शकतो. पाय ठेवताक्षणी झडप घालणारा पॅड सराईताच्या पायाला शोभतो. नवख्याची चाके तो जाम करतो.

आपले ब्रेक किती तापतात हे कसे कळावे? त्यासाठी डिस्कच्या कडेला लावायचे खास रंग मिळतात. हिरवा रंग साधारण ४३० अंशांना, नारिंगी ५६० अंशांना आणि तांबडा ६१० अंशांना पालटतो. दिवसाअखेर कोणता रंग पालटला आणि कोणता तसाच राहिला, हे पाहिले की डिस्कने गाठलेल्या कमाल तापमानाचा अंदाज येतो. ऐकीव सल्ल्यापेक्षा हा पुरावा केव्हाही चांगला.

कडेवरची अक्षरे

अनेक पॅडच्या कडेवर कंपनीच्या नावासोबत 'एफएफ', 'जीएफ' अशी दोन इंग्रजी अक्षरे असतात. पहिले अक्षर साधारण तापमानाचा आणि दुसरे तापलेल्या अवस्थेचा घर्षणांक दाखवते. 'ई' म्हणजे ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. मात्र ही चाचणी साडेतीनशे अंशांच्या आतच संपते. ट्रॅकवरील खरी परीक्षा त्यापुढे सुरू होते. त्यामुळे रस्त्यावरील पॅडची तुलना करायला ही अक्षरे उपयोगी असली, तरी शर्यतीचा पॅड केवळ त्यांवरून निवडू नये.

टायर, वजन आणि ट्रॅक

ब्रेक चाक थांबवतात. गाडी थांबवतो तो टायर. रस्त्यावरील कडक रबराचे टायर ठेवून अतितीव्र घर्षणाचा पॅड घातला, तर चाके लवकर जाम होतात आणि गाडी घसरत जाते. एबीएस असेल तर ते वारंवार मध्ये पडते. थांबण्याचे अंतर त्याने कमी होतेच असे नाही. मऊ, चिकट रबराचे टायर घातल्यावर मात्र ब्रेकवरचा भार वाढतो आणि तेव्हा वरच्या गटातील पॅडचा विचार रास्त ठरतो. गाडी जितकी जड आणि वेगवान, तितकी उष्णता अधिक. येथे वेगाचा हिशेब वर्गाने होतो. वेग दुप्पट, तर ऊर्जा चौपट.

ट्रॅकचा स्वभावही पाहावा लागतो. ग्रेटर नोइडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हा ट्रॅक २०११ साली सुरू झाला. फेरी पाच किलोमीटरहून थोडी अधिक आणि त्यातील सर्वांत लांब सरळ पट्टा एक किलोमीटरहून मोठा. त्याच्या शेवटी ब्रेकवर एकाच वेळी प्रचंड भार येतो, पण पट्ट्यावर धावताना डिस्कला वाराही लागतो. कोइंबतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे अवघा २.१ किलोमीटरचा. तेथे वेग कमी, मात्र दोन वळणांमध्ये उसंतही कमी. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील १९९० पासूनचा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा आहे. मुंबई-पुण्याचा चालक एका ट्रॅकवर जमलेले गणित दुसरीकडे तसेच्या तसे नेऊ शकत नाही. हवेच्या नळ्या पुढच्या डिस्ककडे वळवल्या, तर काही वेळा महागड्या पॅडची गरजच उरत नाही.

अधिकृत स्पर्धेत उतरायचे असेल, तर आपल्या गटात कोणते बदल चालतात, हे एफएमएससीआयच्या नियमांत आणि त्या स्पर्धेच्या पत्रकात आधी पाहावे.

पुढचे आणि मागचे

आपल्याकडील अनेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. पुढे जहाल पॅड घालून मागचे लायनर तसेच ठेवले, तर ब्रेकचा तोल आणखी पुढे झुकतो. पुढची चाके आधी जाम होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. चारही चाकांना डिस्क असलेल्या गाडीत याच्या उलट चूक होते. मागे पुढच्यापेक्षा अधिक धरणारे पॅड घातले, तर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी गरकन फिरते. दोन्हींत ही चूक अधिक धोक्याची. म्हणून चारही डिस्क असतील तर पुढे-मागे एकाच जातीचे पॅड घालून सुरुवात करावी आणि बदल करायचा तर मागचे पॅड किंचित सौम्य ठेवावेत. एका धुरीवरच्या दोन्ही चाकांचे पॅड मात्र नेहमी एकदमच बदलावेत.

नवे पॅड रुळवणे

नवे पॅड घालून थेट शर्यतीला उतरणे म्हणजे संकटाला निमंत्रण. पॅडच्या द्रव्याचा अतिशय पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसला की पकड खऱ्या अर्थाने जमते. त्यासाठी मोकळ्या ट्रॅकवर आधी हलके, मग क्रमाक्रमाने जोरदार असे आठ-दहा ब्रेक लावावेत. गाडी पूर्ण थांबवू नये. नंतर ब्रेकला हात न लावता एक-दोन फेऱ्या हळू चालवून डिस्क निवू द्यावी. कंपनीने दिलेली पद्धत असल्यास तीच पाळावी.

तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी करू नये, हँडब्रेकही ओढू नये. तसे केल्यास पॅडचे द्रव्य डिस्कच्या एकाच जागी चिकटते आणि पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते. 'डिस्क वाकली' असे निदान करून ती बदलली जाते. पुष्कळदा डिस्क वाकलेली नसते, तिच्यावरचा थर असमान झालेला असतो. पॅडची जात बदलताना जुना थर साफ करून घ्यावा किंवा डिस्क नवी घालावी.

ऑइल आणि जाडी

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ३ दर्जाच्या ताज्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश, तर ओलावा धरलेल्याचा १४० अंश. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहेत. शर्यतीसाठीच्या खास ऑइलचा ताजेपणी उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असतो. ट्रॅकवर जाण्यापूर्वी ताजे ऑइल भरणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे. सिलिकॉनचे डॉट ५ हे वेगळे प्रकरण, ते यांपैकी कशातही मिसळू नये.

पॅडचे द्रव्य हे उष्णतेला आडवी येणारी भिंतही असते. ते पातळ झाले की उष्णता थेट पिस्टनकडे आणि ऑइलकडे जाते. रस्त्यावर चालण्याजोगा झिजलेला पॅड ट्रॅकवर म्हणूनच चालत नाही. द्रव्य निम्मे उरले की बदलण्याची तयारी ठेवावी आणि नव्या पॅडचा एक जोड सोबत न्यावा. साफसफाई करताना पॅडची धूळ फुंकून उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

परतीचा रस्ता

ज्या गाडीने ट्रॅकवर जायचे, तिनेच घरी परतायचे, ही बहुतेक हौशी चालकांची स्थिती. धोका येथेच दडलेला असतो. शर्यतीचे पॅड तसेच ठेवून महामार्गाला लागल्यावर तासभर ब्रेक न लावता गाडी धावते, पॅड पार थंड होतात आणि अचानक समोर ट्रक थांबतो. ट्रॅकवर बाजूला माती असते, मार्शल असतात, डोक्यावर हेल्मेट असते. महामार्गावर यातले काही नसते आणि समोरच्या गाडीत भलतेच कोणी बसलेले असते.

तेव्हा गाडी रोजच्या वापरातीलच असेल, तर दुसऱ्या गटातील पॅड, ताजे ऑइल आणि पाच-सहा फेऱ्यांनंतर एक निवांत फेरी हा सुज्ञ मार्ग आहे. शर्यतीचे पॅड हवेच असतील, तर ते ट्रॅकवर घालावेत आणि निघण्यापूर्वी काढावेत. सराईत मेकॅनिकला या कामाला फार वेळ लागत नाही. तेवढा वेळ दिवसाच्या वेळापत्रकात आधीच राखून ठेवावा.