जुन्या संगणकाची रॅम : वाढवावी की नाही?

भिवंडीतील यंत्रमाग कारखानदार असो वा गोदामाचा कारकून, हिशेबाचा जुना संगणक मंदावला की त्याला रॅम वाढविण्याचा सल्ला मिळतो. मात्र खिशात हात घालण्यापूर्वी दुखणे नेमके कुठे आहे, हे तपासणे हिताचे ठरते.

नेहमीची कामे सुरू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत ९० टक्क्यांच्या आसपास व्यापलेली दिसली, तर रॅम अपुरी आहे असे समजावे. मेमरी मोकळी असूनही डिस्क १०० टक्के व्यग्र असेल, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे अधिक उपयुक्त.

डीडीआर-२, डीडीआर-३ व डीडीआर-४ या रॅम एकमेकींच्या जागी बसत नाहीत. मदरबोर्डची कमाल मर्यादाही पाहावी. घरगुती व कार्यालयीन वापराचे ३२ बिट विंडोज ४ जीबीपलीकडची रॅम वापरू शकत नाही.

विंडोज १० साठीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅमबरोबरच टीपीएम २.० आणि मान्यताप्राप्त प्रोसेसर आवश्यक असतो. ही उणीव रॅमने भरून निघत नाही. अशा संगणकावर मोठा खर्च टाळून ती रक्कम नव्यासाठी राखावी आणि तोवर हिशेबाची प्रत स्वतंत्र ठिकाणी जपावी.